दहा नाड्यांचा नेफा

शिवणकाम करणाऱ्या बाईची पाठ आणि मान दुखणारच, हे सगळ्यांनी धरलेलं असतं. हाताचं दुखणं मात्र कुणी खिजगणतीत घेत नाही. त्यामुळे उजव्या हाताला मुंग्या येऊन मी रात्री-अपरात्री उठून बसायला लागले, तेव्हा घरातून ठरलेली उत्तरं आली. ‘हात अंगाखाली घेऊन झोपली असशील.’ ‘बी-ट्वेल्व्ह कमी असेल.’ जाऊबाईंनी मानेचा मणका पक्का केला, कारण त्यांच्या भावाचं तसंच निघालं होतं. मी उठायचे, हात झटकायचे, मुंग्या ओसरल्या की पुन्हा आडवी व्हायचे. जवळच्या दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, मलम मिळालं. हात काही कुणी हातात घेऊन पाहिला नाही.

पुढे लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग पडला आणि सुई चिमटीतून निसटायला लागली. हूक बोटांत आहे की खाली पडला, हे डोळ्यांनी बघावं लागे. मग लेकीनेच हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. नसेची तपासणी झाली, साखर आणि थायरॉइडही तपासलं, कारण या दोन्हींमुळे हा त्रास बळावतो. माझं थायरॉइड निघालं. दुखण्याचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम. ‘गोळी सुरू करा, पण आधी खाली ऑक्युपेशनल थेरपीत जा,’ डॉक्टर म्हणाले.

खाली माझ्या लेकीच्या वयाची मुलगी होती. तिचा पहिलाच प्रश्न, ‘काकू, करंगळीला मुंग्या येतात का?’ मी विचारात पडले. येत नव्हत्या! अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, बस. मग तिने दोन्ही मनगटं वाकवून पंज्यांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून धरायला लावल्या, बोटं खाली. मिनिटही झालं नसेल, तीच बोटं भणभणायला लागली.

मनगटात तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. तळाला हाडं, वर जाड पट्टा. त्यातून बोटं मिटणारे नऊ स्नायुबंध जातात आणि एक नस. मला ते लगेच पटलं, कारण परकराच्या एकाच नेफ्यात दहा नाड्या ओवल्यावर काय होईल ते मला कुणी सांगायला नको. नाड्या सुजल्या तरी नेफा सैल होत नाही आणि चेंगरते ती नस. मनगट दुमडलं की दाब आणखी वाढतो. झोपेत आपण मनगट दुमडूनच ठेवतो, म्हणून रात्रीचा तमाशा.

तिने गरम पाण्याच्या ट्रेमध्ये प्लास्टिकचा एक ताठ तुकडा सोडला. तो पापडाच्या लाटीसारखा मऊ पडला. मग हातावर सुती मोजा चढवून तिने तो मनगटावर दाबून बसवला, काही मिनिटांत गार होऊन घट्ट झाला. कडा तिने कात्रीने गोल कापल्या. कटिंग इतकं सफाईदार, की आमच्या धंद्यात असती तर गिऱ्हाईक तुटलं नसतं. हा स्प्लिंट रात्री घालायचा, मनगट सरळ राहील असा. बाजारातल्या तयार पट्ट्यात बऱ्याचदा मनगट मागे वळवणारी पट्टी असते, तीही सरळ करून घ्यावी लागते, हे तिनेच सांगितलं.

व्यायाम साधे होते: बोटं सरळ, मग आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ. जोर अजिबात लावायचा नाही, मुंग्या वाढल्या तर थांबायचं.

पण खरं काम पुढच्या खेपेला झालं. ‘कात्री घेऊन या,’ ती म्हणाली होती. तिने मला कापड कापायला लावलं आणि नुसती बघत उभी राहिली. टेबल माझ्या उंचीला ठेंगणं, म्हणून मनगट वाकतं; कात्रीला धार नाही, म्हणून अंगठ्यावर जोर; हातशिलाई तासन्‌तास एकाच चिमटीत. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले, कात्री धार लावून आली, हूक-काजाचं काम दिवसभरात विखुरलं. मशीनवर शेक देऊन घरी पाठवणाऱ्यांपैकी ही नव्हती. ऑक्युपेशनल थेरपीची आशियातली पहिली शाळा 1950 साली मुंबईच्या केईएममध्ये निघाली. ती काढणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या झालेल्या. तरी आमच्या गल्लीत अजून कुणाला ही थेरपी माहीत नाही, याचं मला नवल वाटतं.

काही आठवड्यांत रात्रीची झोप सलग लागायला लागली. बोटाच्या टोकाचं बधिरपण त्याहून हळू गेलं. दगदग वाढली की मुंग्या अजूनही डोकावतात, मग पुन्हा स्प्लिंट.

हा त्रास थेरपीने प्रत्येकाचा जातोच असं नाही. अंगठ्याच्या बुडाची मांसल गादी बसायला लागली, वस्तू हातातून पडायला लागल्या किंवा बधिरपण चोवीस तास राहिलं, तर व्यायामांवर विसंबू नका. हाताच्या सर्जनला दाखवा. बोगद्यावरचा तो जाड पट्टा कापून नस मोकळी करायचं ऑपरेशन लहान असतं. उशीर झाला, तर मात्र वाळलेला स्नायू परत भरेलच याची खात्री कुणी देत नाही.