बिडाची जाडी

कसारा घाट उतरून खाली आलं आणि काच खाली केली, की जळक्या लायनिंगचा वास गाडीत शिरतो. द्राक्षांच्या हंगामात तर जास्तच. निफाडची द्राक्षं, लासलगावचा कांदा भरून निघालेले ट्रक वर घाटनदेवीला हात जोडतात, गिअर पाडतात आणि ओझं सांभाळत उतरू लागतात. त्या सगळ्या उताराचा हिशेब त्या वासात असतो. वेग कुठे नाहीसा होत नाही. ब्रेक दाबला की तो लोखंडात शिरतो आणि लोखंड तापतं. गाडीच्या सगळ्या भागांत मला ब्रेकची डिस्क जवळची वाटते ती यासाठी. इंजिनाचं कौतुक सगळेच करतात. त्यानं जे करून ठेवलंय ते निस्तरायचं काम हिचं.

भाच्यानं पोलो जीटी टीएसआय घेतली. चाकणला बनलेली, 105 पीएसची, आधीच्या मालकानं निगुतीनं ठेवलेली. मग सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून झाली, आणि त्यानंतर त्याला ब्रेक आठवले. "मामा, भोकांची डिस्क घेऊ की चरांची?" फोनमध्ये दोन्हींचे फोटो तयार होते.

अंबडला ओळखीच्या लेथवाल्याकडे जुनी डिस्क उतरवून घेतली. जिथे पॅड पोचत नाही तिथे, अगदी बाहेरच्या काठावर, गंजलेली कड उभी राहिली होती. नखानं चाचपली तरी कळत होतं बीड किती गेलंय ते. मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली होती, 19 मिमी. मायक्रोमीटर 19.3 दाखवत होता. "फेस मारला तर उरेल काय?" लेथवाला म्हणाला आणि डिस्क भंगाराच्या ढिगाकडे सरकवली.

त्या टेबलावरच मी भाच्याला आकडे मांडून दाखवले. माणसासकट 1200 किलोची गाडी ताशी 100 किमीवरून थांबवायची, तर सुमारे 460 किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. ब्रेक लावताना वजन पुढे झुकतं, म्हणून त्यातला साधारण 70 टक्के वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. एकेक डिस्क 5 किलोची धरली, तर एका थांबण्यात ती जवळपास 70 अंशांनी तापते. वेग 140 असेल तर ऊर्जा दीडपट नव्हे, दुप्पट होते. आणि घाट? इगतपुरीकडून कसाऱ्याकडे सुमारे 300 मीटर उतरायचं म्हणजे 100 वरून सात-आठ वेळा थांबण्याइतकी उष्णता. गिअरमध्ये न उतरता नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर ती सगळी बिडाच्या अंगावर. रेल्वेनं 1865 साली याच थळ घाटातून गाडी नेली तेव्हा चढ 37 फुटांना एक फूट ठेवावा लागला. आजही चढताना मागून बँकर इंजिनं लावतात.

म्हणून डिस्क निवडताना मी आधी वजन बघतो, मग आतल्या हवेच्या वाटा. पातळ तवा लगेच तापतो आणि भाकरी करपते, जाड तवा सोसतो, इथेही तसंच. दोन पाट्यांच्या मध्ये पाती असलेली व्हेंटिलेटेड डिस्क फिरते तेव्हा मधून हवा ओढते आणि कडेनं बाहेर फेकते. ही पाती वक्र असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते. उलटसुलट बसली, तर हवेचा ओघच मंदावतो.

आणि धातू? शंभर वर्षांचं संशोधन होऊनही रस्त्यावरच्या गाडीला करडं बीडच लागतं. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्र्यांत असंच करडं बीड ओततात. त्याच्या पोटात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या असतात. त्या उष्णता झरझर पसरवतात, थरथर गिळतात. ताजा तुटलेला तुकडा उन्हात धरून बघा, राखाडी आणि मखमली दिसतो. इतका साधा, स्वस्त धातू इतकं सोसतो, याचं मला दर वेळी नव्यानं अप्रूप वाटतं. कार्बन-सिरॅमिक डिस्क हलकी, प्रचंड ताप झेलणारी. पण तिची किंमत आणि तिचं काम दोन्ही वेगळ्या दुनियेतलं.

भोकं पाडायची पद्धत आली ती जुन्या पॅडमधून तापल्यावर निघणाऱ्या वायूला वाट द्यायला. आजच्या पॅडना तेवढी गरज उरली नाही, आणि वारंवार तापून निवताना तडा सुरू होतो तो बहुधा भोकाच्या काठापासूनच. शिवाय भोक म्हणजे तेवढं बीड कमी. चर त्या मानानं बरे, पॅडवर चढलेली झिलई खरवडतात. पण पॅडही लवकर खातात. नाशिकच्या आसपासच्या मातीच्या रस्त्यांवर रॅली ऑफ महाराष्ट्र होत आली आहे. मातीच्या रॅलीत गाड्यांना लहान चाकं, म्हणून लहान डिस्क लावतात. तिथल्या गरजा तिथल्या. 1953 साली ल मान्सची 24 तासांची शर्यत जग्वार सी-टाइपनं जिंकली ती डिस्क ब्रेकच्या जोरावर, लॅप मागून लॅप ब्रेक दमले नाहीत म्हणून. भाच्याला मी हेच सांगत होतो: चौथ्या-पाचव्या वळणानंतरही पेडल पायाखाली तितकंच घट्ट लागलं पाहिजे.

जून 2025 पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून आमण्यापर्यंत सुरू झाला. जवळपास 8 किमीच्या बोगद्यातून घाट चुकवता येतो. भाचा म्हणाला, मग आता घाटाचा विचार कशाला? पण सप्तशृंगीचा घाट कुठे चुकतोय, आणि ताशी 120 नं धावताना अचानक समोर कोणी आडवं आलं, तर दाबायचा ब्रेक तोच.

शेवटी साधी, भोकं-चर नसलेली, चांगल्या प्रतीची व्हेंटिलेटेड डिस्क आणि जास्त ताप सोसणारे पॅड असं ठरलं. वाचलेल्या पैशांत ब्रेक ऑइल बदललं. डॉट 4 ताजं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतला दमटपणा पिऊन पिऊन ती मर्यादा 155 वर येते, आणि त्र्यंबकचा पाऊस तर प्रसिद्धच. नंतर भल्या पहाटे दिंडोरी रस्त्यावर पॅड बसवून घेतले: 80 वरून 20 पर्यंत, पूर्ण न थांबता, पुन्हा पुन्हा, मध्ये गाडी मोकळी पळवून निववत. पूर्ण थांबून पेडल दाबून धरलं, तर तापलेल्या पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि पुढे स्टीअरिंग थडथडतं. दर दुसऱ्या दिवाळीला ऑइल बदलायचं भाच्यानं कबूल केलंय, आणि मायक्रोमीटर त्यानं स्वतःचा घेतलाय.