रुमालाची जागा, नंबराची जागा

मीटरगेजच्या दिवसांत मुदखेडच्या फलाटावर जागा तिकिटानं मिळत नसे, रुमालानं मिळे. गाडी थांबायच्या आत ज्याचा रुमाल खिडकीतून बाकावर पडला, ती जागा त्याची. रुमाल नसला तर टोपी, टोपी नसली तर पिशवी आणि हाताशी काहीच नसलं तर घरातलं धाकटं पोरगं खिडकीतून आत सोडलं जाई. हा कायदा कुठल्या पुस्तकात नव्हता, पण तो मोडणाऱ्याला अख्खा डबा बोल लावी. धनी दारातून घामाघूम होऊन आत पोचेपर्यंत रुमाल जिथल्या तिथं असे.

सिकंदराबाद ते मनमाड ही लाईन निजामाच्या काळातली, १९०० च्या आगेमागे सुरू झालेली. आदिलाबादचा फाटा इथूनच निघतो, म्हणून मुदखेड जंक्शन. उमरी-धर्माबादकडून गाडी येवो की भोकर-किनवटकडून, डबे सारखेच : अरुंद, लाकडी पट्ट्यांच्या बाकांचे. तिघांच्या बाकावर चौघं हे ठरलेलं. पाचवा आला की ‘सरका की मामा जरा’ एवढं पुरे. पोरं वरच्या फळीवर ट्रंकांशेजारी, मुदखेडच्या फुलांच्या टोपल्या बाकाखाली. वाफेच्या इंजिनाचा कोळसा डोळ्यात जाई आणि उतरेपर्यंत कॉलर काळी होई. आज डबा कसला लागलाय, बाकं किती आहेत, हे कुणी विचारत नसे. कारण रेल्वेनं तसं काही कबूलच केलेलं नव्हतं.

डबा बदलण्याचा खरा सोहळा मनमाडला. छोटी लाईन तिथं संपे. मुंबई गाठायची तर वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, लोणच्याच्या बरण्या उतरवून मोठ्या लाईनच्या गाडीत चढवायच्या. अजिंठा एक्सप्रेस ही तेव्हाची या लाईनवरची रुबाबदार गाडी, पण तिलाही मनमाडपुढं रूळ नव्हते. मराठवाड्यातल्या माणसाला मुंबईचा प्रवास असा दोन तुकड्यांत करावा लागे. रूळ एक मीटरवरून १.६७६ मीटरवर गेले, की डबाही ऐसपैस होई. पहिल्यांदा जाणारा आत शिरून आधी नुसता इकडंतिकडं बघत राही.

बाकाची कहाणी वेगळीच. १९७४ मध्ये तिसरा वर्ग बंद झाला, म्हणजे डब्यावरची पाटी बदलली, लाकूड तेच राहिलं. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंचांची गादी घालायला त्यांनी सुरुवात केली. आमच्या बाजूला गादीचा डबा लागला की लोक बसायच्या आधी हातानं दाबून बघत, मग शेजाऱ्यालाही दाबून बघायला सांगत. डबा बदलल्यावर सगळे प्रवासी एकमुखानं खूश झाले, असं मला तरी तेवढंच आठवतं.

नव्वदच्या दशकात मुख्य लाईन मोठी झाली, आदिलाबादच्या फाट्याचे रूळ त्यानंतर रुंदावले. देवगिरी, नंदीग्राम थेट मुंबईला निघाल्या, मनमाडची उतरचढ संपली. रिझर्वेशन घरोघर पोचलं आणि रुमालाऐवजी नंबर आला. स्लीपरच्या डब्यात ७२ बर्थ, आठ-आठचे नऊ कप्पे. सात म्हणजे साइड लोअर, आठ म्हणजे साइड अप्पर, हे पोरांना पाढ्यासारखं पाठ.

हा पाढा पहिल्यांदा चुकला तो लालूप्रसाद रेल्वेमंत्री असताना. बाजूच्या दोन बर्थच्या मधे तिसरा घुसवला गेला आणि कप्पा आठाचा नऊचा झाला. आठ नंबरवाला वर चढायला जाई, तर त्याची जागा मधोमध. तिथं बसलं की मान वाकडी, झोपलं की वरचा बर्थ नाकाशी. त्या साइड मिडलला लोकांनी इतकी नावं ठेवली की साध्या गाड्यांमधून तो काढावाच लागला. गरीब रथात मात्र तो राहिला.

आता सगळीकडं मूळ जर्मन बनावटीचे एलएचबी डबे येताहेत. जुन्या पद्धतीचे डबे बांधणं २०१८ मध्ये थांबलं. नवा डबा लांब, त्यामुळं स्लीपरमध्ये ७२ ऐवजी ८० बर्थ, एसी थ्री टिअरमध्ये ६४ ऐवजी ७२. जुन्याच्या जागी नवा डबा लागला तर आठ माणसं वेटिंगमधून वर सरकतात, कुणी तक्रार करत नाही. पण नवा बिघडला आणि त्याच्या जागी जुना जोडला, तर ७३ ते ८० हे नंबर तिकिटावर असतात, डब्यात नसतात. मग टीटीईभोवती घोळका. जो तो मोबाइल पुढं करून ‘कन्फर्म’ लिहिलेलं दाखवतो.

बड्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. नागपूर-बिलासपूर वंदे भारतच्या जागी मे २०२३ मध्ये काही काळ तेजसचे डबे लावले होते. वंदे भारतचं तिकीट काढलेल्याला तेजसमध्ये बसवलं की तो पोचतो त्याच गावाला, पण तोंड पाडून. उलट मुंबई-जालना वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत आली, आठ डब्यांची वीस झाली, तेव्हा गाडी बदलली म्हणून कुणी कुरकुरलं नाही.

विमानाचंही हेच. नांदेड-हैदराबाद उडान सेवा २७ एप्रिल २०१७ ला सुरू झाली, ती ट्रूजेटच्या पंख्याच्या एटीआर विमानानं. पुढं स्टार एअरनं नांदेडहून उड्डाणं सुरू केली. तिच्या एम्ब्राएर १७५ मध्ये ७६ जागा, त्यांतल्या १२ बिझनेसच्या. त्याच कंपनीच्या छोट्या एम्ब्राएर १४५ मध्ये ५० जागा, एका बाजूला एकेक खुर्ची, दुसऱ्या बाजूला दोन-दोन. कुठल्याही कंपनीत असं मोठं विमान ऐनवेळी छोट्यानं बदललं, तर बिझनेसवाला मागं येतो आणि खिडकीसाठी जादा पैसे मोजलेल्याला नवाच नंबर मिळतो. कंपनी म्हणते, तुम्हाला पोचवायचं ठरलं होतं. प्रवासी म्हणतो, पैसे तर खिडकीचे घेतले होते.

जुनं ते सोनं म्हणायचा मोह इथं होतो, पण ते खरं नाही. रुमालाचं राज्य धडधाकट माणसाचं होतं. म्हातारा, गरोदर बाई, कडेवर पोर असलेली आई यांना गाडीसोबत पळता येत नव्हतं, त्यांचा प्रवास संडासाच्या दाराशी उभ्यानं होई. नंबरानं त्यांना घरबसल्या खालचा बर्थ दिला. म्हणून डबा बदलल्यावर नंबर मोडतो तेव्हा चरफडणं साहजिक आहे. गमावलं ते वेगळंच. तेव्हा कुणालाच काही कबूल नव्हतं, म्हणून सगळे सरकत होते. आता प्रत्येकाला कबूल आहे, म्हणून कुणी हलत नाही.

तेव्हा नंबराचा हक्क आणि रुमालाच्या काळातलं सरकणं, दोन्ही सांभाळा. वरच्या वर्गाचं तिकीट असून खालच्या वर्गात बसावं लागलं तर टीटीईकडून प्रमाणपत्र मागून घ्या, भाड्यातला फरक परत मागता येतो. देशांतर्गत विमानात कंपनीनं असं खालच्या वर्गात बसवलं तर करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यायची, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. रेल्वेनं आणि विमान कंपन्यांनी डबा किंवा विमान बदलल्याचं माणूस घरातून निघायच्या आत कळवावं, ही मागणीही सोडू नका. आणि ७५ नंबरचा माणूस पिशवी घेऊन वाटेत उभा दिसला, तर रात्र होईपर्यंत तरी जरा सरकून घ्या.