पान्हा नको, धीर आण

उधन्यात आमच्या गल्लीत दिवसरात्र लूमचा खडखडाट. त्यात आप्पांच्या जुन्या दुनळी बंदुकीचं आम्हा भावंडांना भारी अप्रूप. बारा बोअरची. म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक नळीत बरोबर बसेल.

पावसाळा सरला की आप्पा ती साफ करतात. आधी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना, ते बघायचं. मग खालचा लाकडी भाग काढला की नळ्या सुट्या होतात. यंदा तो भाग निघेचना. लूम फिटर असलेले मामा म्हणाले, "पान्हा आणू का?"

"पान्हा नको, धीर आण," आप्पा म्हणाले. लाकडाला लागू न देता खटक्याच्या फटीत काडीनं दोन थेंब तेल सोडलं. सकाळी खटका हलला.

आतल्या स्क्रूंना मात्र त्यांनी मामांना हात लावू दिला नाही. बारीक खाचा, साधा पेचकस घसरला की गेल्या. आत ताणलेल्या स्प्रिंगा. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो.

आप्पा थकलेत. त्यांचा परवाना आपोआप वारसाकडे येत नाही. नवा मिळेपर्यंत बंदूक पोलिसांकडे नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. बाबा म्हणतात, विकून टाकू. मला गोळी झाडायची हौस नाही. पण अडलेल्या वस्तूवर जोर न करता थांबणं मी तिच्यापाशीच शिकले. बाबांशीही तसंच, हळूहळू बोलतेय.