अर्धा सेमिनार

सहाव्या सेमिस्टरला आम्हा मायक्रोबायॉलॉजीच्या मुलांना एकेक सेमिनार द्यावा लागतो. मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या चिठ्ठीत निघालं, ‘न्यूमोकॉकस : लस आल्यानंतर बदललेले प्रकार’. मी जरा हिरमुसलेच. मैत्रिणीला रेबीज मिळाला होता. त्यात निदान लुई पाश्चर तरी होता. पण वाचायला बसले आणि त्यातच अडकले.

न्यूमोकॉकस हा जंतू लहान मुलांच्या नाकाघशात बहुतेक वेळा मुकाट्याने राहतो. कधी मात्र तिथून फुफ्फुसात, रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरतो आणि जिवावर बेततं. त्याच्या अंगावर शर्करेचं कवच असतं. कवचाच्या घडणीवरून त्याचे शंभराच्या आसपास प्रकार ओळखले आहेत. लस शरीराला त्यांतली ठरावीक कवचंच ओळखायला शिकवते. अमेरिकेत २००० साली मुलांसाठी जी लस आली तिच्यात सात प्रकार होते. ते सात झपाट्याने कमी झाले, पण नाकातली जागा काही रिकामी राहिली नाही. लसीत नसलेले प्रकार तिथे येऊन बसले. त्यांतला १९ए तर असा, की अनेकदा नेहमीची अँटिबायोटिक्सही त्याच्यावर चालेनात.

मला हे रहस्यकथेसारखं वाटलं. त्या रात्री जेवताना मी घरच्यांसमोर सेमिनारची तालीमच केली. “लस आणली, तर दुसरेच जंतू माजले!” असं हातवारे करून सांगितलं. दादा हसला. आज्जी म्हणाली, “कलियुग गं बाई.” वहिनी बाळाला मांडीवर घेऊन भाकरी मोडत होती. ती काहीच बोलली नाही.

दोनेक आठवड्यांनी आशाताई दारात आल्या. बाळाचा साडेतीन महिन्यांचा डोस राहिला होता. पहिला, दीड महिन्याचा, वहिनीच्या माहेरी खानापूरकडे झाला होता. दुसऱ्या वेळी वहिनी गेलीच नव्हती. आईने विचारलं, तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, “हीच म्हणाली होती की. एक जंतू मारला की दुसरा वाईट जंतू येतो. त्यात एका दिवशी तीन तीन सुया. मग कशाला टोचायचं पोराला?”

मला जमीन दुभंगावी असं झालं. मी खोटं बोलले नव्हते. पण माझं खरं वाक्य माझ्याच भाच्याच्या आड आलं होतं. आशाताई शांतपणे म्हणाल्या, “उशीर झाला तरी देता येतंय. गुरुवारी घेऊन या.” आणि पुढच्या घरी गेल्या.

वहिनी मात्र तयार नव्हती. “तू नीट सांग मला आधी,” म्हणाली.

मी लॅपटॉप काढला. अलास्कातल्या मूळ रहिवासी मुलांवरचा २००७ सालचा एक अभ्यास होता. माझं ते नाटकी वाक्य त्यातूनच आलं होतं. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मी तीन आकडे लिहिले. लसीपूर्वी, १९९५ ते २००० मध्ये, दोन वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला ४०३ जणांना हा गंभीर आजार होत होता. लसीनंतरच्या तीन वर्षांत तो आकडा १३४ वर आला. त्यापुढच्या तीन वर्षांत नव्या प्रकारांमुळे तो वाढून २४५ च्या आसपास गेला.

वहिनीने वही आपल्याकडे ओढली. ती बारावीपर्यंत शिकलेली, पण घरातला भिशीचा हिशेब तीच ठेवते. “म्हणजे चारशे तीनचे दोनशे पंचेचाळीस झाले,” ती म्हणाली. “आणि तू आम्हाला फक्त एकशे चौतीसचे दोनशे पंचेचाळीस झालेलं सांगितलंस.”

माझ्या सेमिनारवर इतकी नेमकी टीका नंतर कुणीच केली नाही.

“आणि हे अलास्काचंच,” मी म्हणाले. “तिथे हा आजार आधीपासूनच फार. सगळीकडे इतकं वाढलं नाही. अख्ख्या अमेरिकेत पाच वर्षांखालच्या मुलांत १९९८ मध्ये लाखामागे शंभराच्या आसपास होतं, ते २०१५ पर्यंत दहाच्या आत आलं.”

“का बरं? जागा तर दुसऱ्यांनी घेतली म्हणतेस.”

“नाकातली जागा घेतली. पण नाकात राहणारा प्रत्येक प्रकार रक्तात शिरण्याइतका आक्रमक नसतो. बरेच नुसते बसून राहतात. १९ए तसा नव्हता, म्हणून २०१० मध्ये तिथे तेरा प्रकारांची लस आली. तिच्यात तोही घातला.”

वहिनी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आमच्याकडे भाताला भांगलण करतोय. एक तण काढलं की दुसरं उगवतंयच. म्हणून कोण भांगलण सोडतंय होय? आणि सगळी तणं काय सारखीच भात खात नाहीत.” मग लगेच विचारलं, “आपल्या लसीत आहे का तो, काय ते, १९ए?”

आहे. आपल्याकडे सरकारी लसीकरणात ही लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली. तोवर १९एचा धडा जगाला मिळालेला होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या दहा प्रकारांच्या लसीतही तो आहे.

“आणि पुढे तिसराच आला तर?”

इथे मला पुन्हा अर्धवट बोलायचं नव्हतं. येऊ शकतो, असं मी सांगितलं. इंग्लंडमध्ये पुढे ८, १२एफ यांसारखे प्रकार वाढले आणि त्याची झळ म्हाताऱ्यांना जास्त बसली. म्हणूनच रुग्णांकडून जंतू मिळवून त्याचा प्रकार तपासत राहावं लागतं. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे काम बरीच वर्षं चालू आहे. त्या तपासणीवरून पुढच्या लसीत काय हवं ते ठरवता येतं.

गुरुवारी आम्ही दोघी बाळाला घेऊन उपकेंद्रात गेलो. मांड्यांवर दोन आणि दंडावर एक, अशा तीन सुया झाल्या. बाळाने सगळं उपकेंद्र डोक्यावर घेतलं. रात्री अंग जरा तापलं, तेव्हा वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मी ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसत बसले. सकाळी तो माझा चष्मा ओढत होता.

सेमिनारच्या आदल्या दिवशी मी माझी पहिली स्लाइड काढून टाकली. तिच्यावर मोठ्या लाल अक्षरांत ‘लसीनंतर वाढलेले जंतू!’ असं होतं. त्या जागी दुधाच्या वहीतले तीन आकडे टाकले, त्याच क्रमाने, ४०३ पासून.

आता नऊ महिन्यांचा बूस्टर राहिलाय. तारीख वहिनीने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, आणि खाली कंसात माझं नाव.