कपाटाची किल्ली

आमच्या घरी शागोतीच्या वाटणात खसखस पडते. खोबरे, धणे, सुक्या मिरच्या भाजून झाल्या की शेवटी तव्यावर चमचाभर खसखस फिरवायची, हा आईचा शिरस्ता. ही खसखस एक दिवस खात्याच्या चौकशीत येऊन बसेल असे कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो.

माझी मावसबहीण एका सरकारी इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स. रात्रपाळीला अंमली औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असे. 2017 च्या पावसाळ्यात कोणीतरी हिशेब तपासला आणि एका महिन्यातल्या तीन रात्री मिळून फेंटानिलच्या चार ॲम्प्यूल जास्त गेल्याचे निघाले. म्हणजे नोंदवहीत तिने त्या रुग्णांच्या नावावर काढल्या होत्या, पण डॉक्टरांच्या कागदावर तेवढे औषध दिल्याची नोंद नव्हती. फेंटानिल मॉर्फिनपेक्षा कितीतरी पटींनी जहाल. दोन मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये ते अवघे शंभर मायक्रोग्रॅम असते. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे त्यावाचून चालत नाही आणि व्यसन लागलेल्यालाही तेच हवे असते.

ती निलंबित झाली. आरोप असा की औषध चोरून स्वतः टोचून घेतले. पाठोपाठ परिचर्या परिषदेचे पत्र आले, तुमची नोंदणी का रद्द करू नये? नोकरी गेली तर दुसरी मिळते, पण नोंदणी गेली की नर्स म्हणून कुठेच उभे राहता येत नाही. त्यात तिची आयर्लंडला जायची तयारी चालली होती. तिथल्या परिषदेला इथल्या परिषदेचा दाखला लागतो. चौकशी चालू असताना तो मिळणार कसा?

मी साधा कारकून, पण आस्थापना शाखेत वर्षे काढलेला. गोवा सरकारच्या नोकरांना केंद्राचे 1965 चे शिस्तविषयक नियम लागू आहेत. त्यातल्या चौदाव्या नियमाखाली चौकशी होते आणि तिथे सहसा वकील घेता येत नाही. मात्र दुसऱ्या एखाद्या सरकारी नोकराला बचाव सहाय्यक म्हणून घेता येते. म्हणून ती आरोपपत्र घेऊन माझ्याकडे आली.

आणि मी पहिला प्रश्न काय विचारला? "बाय, खरं सांग, घेतलं नाहीस ना?"

ती म्हणाली, "भाई, तू अजून कागदसुद्धा उघडला नाहीस."

ते बोल मला अजून टोचतात. घरच्या माणसाने जे केले तेच सगळ्यांनी केले होते. आधी माणसावर शंका घ्यायची, मग कागद उघडायचा.

आरोपपत्रात सर्वात जड कागद होता लघवीच्या तपासणीचा. तिने ती स्वतःहून दिली होती, एका सोमवारी. पट्टीवर 'ओपिएट' सापडले. रविवारी शागोती झाली होती हे तिलाच आठवले. खसखस खाल्ल्याने अशी चाचणी कधीकधी होकारार्थी येते. अमेरिकेत 1998 साली सरकारी तपासणीची मर्यादा 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेली, त्यामागे हेही एक कारण होते. आता आमच्या शागोतीनेच हे केले असे मी छातीठोकपणे सांगू शकलो नसतो, कारण भाजल्याने खसखशीतले मॉर्फिन कमी होते. पण त्याची गरज पडली नाही. ही साधी पट्टी मॉर्फिन-कोडीनच्या जातीची औषधे ओळखते. फेंटानिल कारखान्यात बनलेले कृत्रिम औषध, ते त्या पट्टीवर उमटत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. शिवाय ॲम्प्यूल गेल्या होत्या आदल्या महिन्यात आणि असे औषध लघवीत राहते फार तर काही दिवस. म्हणजे जो कागद सर्वात जड वाटत होता, त्याचा आरोपाशी काही संबंधच नव्हता.

तरी एवढ्याने भागत नाही. खात्याच्या चौकशीत कोर्टासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. पारडे एका बाजूला झुकले तरी पुरते. रिकाम्या ॲम्प्यूल तिने औषधभांडारात परत केल्या होत्या, तिथे सह्या होत्या. पण रिकामी ॲम्प्यूल औषध कुठे गेले ते सांगत नाही.

सांगितले ते भुलेच्या तक्त्याने. शस्त्रक्रिया चालू असताना दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब त्यावर टिंबांनी मांडतात. आम्ही तीन रात्रींचे तक्ते मागवले. तीन जागी नाडी एकदम चढलेली आणि थोड्या वेळात खाली आलेली. औषधाच्या रकान्यात मात्र काही नाही. उलटतपासणीत मी भूलतज्ज्ञांना एवढेच विचारले, "डॉक्टर, इथे नाडी चढली तेव्हा आपण काय केलेत?" ते बराच वेळ तक्ता बघत राहिले. मग म्हणाले, "फेंटानिल दिलं असणार. तोंडी सांगितलं असेन. लिहायचं राहिलं." भला माणूस. नाही म्हटले असते तर मी काय करणार होतो?

तीन ॲम्प्यूल सुटल्या. चौथी सुटली नाही.

तिचे म्हणणे, ती हातातून पडून फुटली. फुटली तर साक्षीदाराची सही घ्यावी लागते. पहाटे अडीच वाजता बाकीची माणसे टेबलाभोवती गुंतलेली, सही करणार कोण? म्हणून तिने ती रुग्णाच्या नावावर लिहून टाकली. ही चूक तिचीच आणि तिने ती कबूल केली. निकाल आला तेव्हा दहा महिने उलटले होते. व्यसनाचा आरोप सिद्ध नाही, नोंदीतला हलगर्जीपणा सिद्ध, शिक्षा परिनिंदेची. परिषदेनेही प्रकरण मिटवले. त्या काळात पहिले तीन महिने अर्धपगारी रजेच्या वेतनाएवढा निर्वाह भत्ता, त्यात घराच्या कर्जाचा हप्ता. आयर्लंड राहिले ते राहिलेच.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. समजा, तिला खरेच व्यसन असते तर? नर्स आणि डॉक्टर यांच्या हाताशीच ही औषधे, जागरणे त्यांच्याच नशिबी. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यात कलम 64 अ आहे. किरकोळ गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून उपचाराला पुढे आला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. फ्लोरिडात 1983 पासून नर्सना शिक्षेऐवजी आधी उपचार आणि देखरेख देणारी योजना आहे. आमच्या आरोपपत्रात चोरीला रकाना होता, आजाराला नव्हता. ती दोषी असती तर मी तिला काय सल्ला दिला असता? बहुतेक गप्प राहा असाच. आणि तो तिच्या जिवावर बेतला असता.

ती परत थिएटरात आहे. ॲम्प्यूल फोडण्याआधी डॉक्टरांची सही मागते, नवे डॉक्टर कुरकुरतात. किल्ली तिला पुन्हा मिळायला दोन वर्षे लागली. कोणी नाही म्हटले नव्हते, फक्त कोणी तिच्या हातात देत नव्हते.

आई अजून शागोती करते. रात्रपाळी असली तर ती खात नाही. मी एकदा म्हटले, "अगं, त्या पट्टीचा फेंटानिलशी काही संबंध नव्हता, आपणच सिद्ध केलं ना?"

"तुला माहीत आहे, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी तपासायला येईल त्याला कुठं माहीत असणार?"