कुंभारीची कात्री

खिशात बाळगायच्या चाकूचा शोध हा माझा जुना छंद. रामपूरचा खटक्याचा चाकू पाहिला. तो पेरू कापण्यापेक्षा समोरच्याला दचकवण्यातच पटाईत. स्वित्झर्लंडचा लाल चाकू पाहिला; त्यात करवतीपासून कात्रीपर्यंत सारा संसार, पण हवे ते पाते काढता काढता नख मोडायचे! शोध संपला तो कुंभारीत, आणि तोही एका कात्रीपाशी.

सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की कुंभारी येते. गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली सुमारे १०,००० घरांची वसाहत इथलीच. तिचे उद्घाटन २००६ साली झाले.

दारातल्या सावलीत मांडीवर सूप घेऊन एक मावशी बसल्या होत्या. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान, त्यावर पत्र्याचा साचा, आणि कर्र कर्र करीत चारी कडांनी फिरणारी कात्री. नजर मात्र माझ्याकडे! मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. तेव्हा कात्री बोथटली की तेवढी कमाई बुडाली. मुठीला चिंधी गुंडाळलेली. पाहायला मागितली, तर हसून म्हणाल्या, "बघा की सर. पण ती माझ्या हाताला बसलीय, तुम्हांला नाही चालायची."

खरेच चालली नाही. परतताना सोलापूरच्या बाजारात एका पात्याचा, लाकडी मुठीचा साधा चाकू घेतला. गेली दोन वर्षे पेन्सिली, पेरू आणि पार्सलांचे दोरे तोच कापतो आहे. मूठ आता जरा गुळगुळीत झाली आहे. दुसरा चाकू पाहावासा वाटत नाही.