सरासरी

आमच्या घराण्यात भागाकाराची पायरी चढलेला मीच पहिला. परवा क्रिकेटचा सामना पाहता पाहता आप्पांनी विचारले, "सरासरी म्हंजी काय रं?"

मी सोलापुरात बालपण गेलेल्या पॉली उमरीगरांचे उदाहरण घेतले. कसोटी ५९, डाव ९४, धावा ३६३१. मात्र भागायचे ८६ ने. कारण आठ वेळा ते नाबाद राहिले. त्या डावांतल्या धावा धरायच्या, डाव धरायचे नाहीत. उत्तर ४२.२२.

"आन् शून्याचा डाव?"

"तो धरायचाच." ब्रॅडमनना १९४८ साली अखेरच्या डावात चारच धावा हव्या होत्या, म्हणजे सरासरी बरोबर शंभर झाली असती. शून्यावर बाद झाले. ९९.९४!

आप्पा बोटे मोजू लागले. आमच्या मंद्रूपच्या रानात पाच वर्षांची ज्वारी, एकरी सहा, चार, शून्य, सात, तीन पोती. वीस भागिले पाच, चार. ताईच्या सोयरिकीत मात्र त्यांनी पाच सांगितली होती. कोरडे गेलेले साल त्यांनी मोजलेच नव्हते.

"पेरलं व्हतं की त्या सालीबी," ते हळूच म्हणाले आणि टीव्ही बंद करून गोठ्याकडे गेले.